घरात सापडलेलं परदेशी नाणं: कुठलं, कधीचं आणि किती किमतीचं?

जुनं घर पाडताना, आजीची ट्रंक उघडताना किंवा देवघर आवरताना मूठभर अनोळखी नाणी हाती लागली की बहुतेक घरांत दोन गोष्टी घडतात. कुणीतरी ती चिंच लावून लख्ख करतं आणि कुणीतरी मोबाइलवर ‘या एका नाण्याचे दहा लाख’ असा व्हिडिओ शोधून काढतं. पहिल्या प्रकारात नाण्याचं नुकसान होतं, दुसऱ्यात माणसाचं. म्हणून नाणी आत्ता तुमच्यासमोर असतील तर ती आहेत तशी एका कोरड्या, मऊ कापडावर मांडा आणि हा लेख वाचून होईपर्यंत तशीच राहू द्या.

किमतीचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. नाणं कुठल्या देशाचं, कोणत्या सालचं, कोणत्या धातूचं, खरं की नकली आणि किती झिजलेलं, या प्रश्नांची उत्तरं मिळाली की किंमत फारशी शोधावी लागत नाही. ती मिळण्याआधी कुणी सांगितलेला आकडा, मग तो मोठा असो की छोटा, ऐकून सोडून द्यावा.

आधी, काय करायचं नाही

नाणं घासायचं नाही. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट यांतलं काहीही लावायचं नाही. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला घरातली चांदीची नाणी दरवर्षी घासून उजळायची पद्धत आहे, त्यामुळे हा सल्ला अनेकांना पटत नाही. पण भिंगाखाली बघितलं की लगेच लक्षात येतं: घासलेल्या नाण्याच्या मोकळ्या भागावर एकाच दिशेने गेलेल्या शेकडो बारीक रेघा दिसतात. त्या पुन्हा भरून येत नाहीत. चांदीवर वर्षानुवर्षांनी चढलेला करडा, निळसर थर किंवा तांब्यावरचा चॉकलेटी रंग हा संग्राहकाच्या दृष्टीने मळ नसतो, नाणं अस्पर्श राहिल्याचा तो पुरावा असतो. माती अगदीच चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही तास ठेवून, न चोळता, सुती कपड्यावर टिपून घ्या. याच्या पुढे जाऊ नका.

पूजेतल्या नाण्यांना हळद-कुंकू लावायचंच असेल तर त्यासाठी एखादं साधं नाणं बाजूला काढून ठेवा. परंपराही राहील आणि बाकीची नाणीही वाचतील.

हाताशी काय हवं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक चुंबक आणि मिलिमीटर मोजायला व्हर्नियर कॅलिपर. प्लास्टिकचा कॅलिपर वापरा, लोखंडी टोकाने नाण्याला चरा पडतो. सराफाकडचा काटा चालेल, पण पहिल्याच दिवशी सराफाकडे नाणी घेऊन जाऊ नका. त्याला धातू कळतो, नाणं कळेलच असं नाही.

आता प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. उजेड एका बाजूने, तिरका पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होऊन जातात. वहीत प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि समोर वजन, व्यास, रंग, चुंबकाला चिकटतं की नाही, कड दातेरी, गुळगुळीत की अक्षरांची, हे लिहा. हे कंटाळवाणं काम आहे आणि नवखी माणसं नेमकं हेच टाळतात. पुढची अर्धी ओळख मात्र याच नोंदीतून होते.

चुंबकाबद्दल एक खुलासा. सोनं, चांदी, तांबं, पितळ आणि तांबं-निकेलचा मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाहीत. ‘चांदीचं’ म्हणून सांगितलेलं नाणं चिकटलं तर ते चांदीचं नाही. पण चिकटलं म्हणजे नकलीच, असा उलटा अर्थ काढू नका. शुद्ध निकेलची खरी नाणीही चिकटतात. कॅनडाची जुनी पाच सेंटची नाणी तशीच आहेत.

साल वाचायला शिका

नाण्यावरचं साल हा सगळ्यात चांगला धागा आहे, फक्त ते इसवी सनातलं असेल असं गृहीत धरू नका. देवनागरीत ‘२०१०’ असं लिहिलेलं, ‘श्री ५’ असलेलं नाणं हाती आलं तर ते नेपाळचं आहे आणि ते साल विक्रम संवतातलं आहे. त्यातून ५७ वजा केले की १९५३ येतं. थायलंडच्या नाण्यांवर बौद्ध संवत असतं, त्यातून ५४३ वजा करायचे.

अरबी आकड्यांचं साल असेल तर ते बहुधा हिजरी. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ, सात म्हणजे वर उघडणारा कोन, आठ म्हणजे तोच कोन उलटा, नऊ इंग्रजी नवासारखा. फसगत होते ती तीन आकड्यांत: टिंब म्हणजे शून्य, छोटं वर्तुळ म्हणजे पाच आणि इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा. वर्तुळाला शून्य समजल्यामुळे कितीतरी नाणी चुकीच्या शतकात जाऊन बसतात.

हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षापेक्षा लहान असतं, म्हणून सरळ बेरीज चालत नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १२९९ ला हे केलं की १८८२ येतं. इराणच्या विसाव्या शतकातल्या, साधारण १९२५ नंतरच्या नाण्यांवर मात्र सौर हिजरी असतं, तिथे नुसते ६२१ मिळवायचे.

तुर्कस्तानच्या ऑटोमन नाण्यांची आणखी एक खुबी आहे. त्यांवर सुलतानाची वळणदार सही, म्हणजे तुघरा असतो आणि खाली जे साल असतं ते नाणं पाडल्याचं नसून सुलतान गादीवर बसल्याचं असतं. दुसरीकडे कुठेतरी एक-दोन आकडे वेगळे दिसतात. ते राज्यारोहणापासूनचं कितवं वर्ष ते सांगतात. समजा खाली १३२७ आहे आणि दुसरीकडे ८. मग १३२७ हे पहिलं वर्ष धरून आठवं वर्ष १३३४, म्हणजे इसवी सन १९१६ च्या आसपास. सुलतान पाचवा मेहमद. १२९३ दिसलं तर दुसरा अब्दुल हमीद, १२७७ दिसलं तर अब्दुल अझीझ.

जपानी नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. शोवा असेल तर १९२५ मिळवा, तैशो असेल तर १९११, मेजी असेल तर १८६७. जुन्या नाण्यांवर ते उजवीकडून डावीकडे लिहिलेलं असतं. चिनी-जपानी अक्षरं ओळखता येत नसतील तर तिथे अडून राहू नका, फोटोवरून शोध घेण्याची सोय आता आहे. तिच्याकडे पुढे येतो.

देशाचं नाव लपवणारी नाणी

युरोपातले देश आपलं नाव आपल्या भाषेत लिहितात. ‘हेल्व्हेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘मॅग्यार’ म्हणजे हंगेरी, ‘स्व्हेरिये’ म्हणजे स्वीडन. इंग्रजी ‘सीसीसीपी’ सारखी दिसणारी अक्षरं म्हणजे रशियन लिपीतली सोव्हिएत संघाची आद्याक्षरं.

ब्रिटनच्या जुन्या नाण्यांवर तर देशाचं नावच नसतं. राजाच्या मुखवट्याभोवती लॅटिन संक्षेप असतात आणि त्यांत ‘इंड इम्प’ ही अक्षरं सापडतात. ती पाहून पुष्कळ जण नाणं भारताचं समजतात. त्या अक्षरांचा अर्थ भारताचा सम्राट एवढाच आहे आणि १९४८ पर्यंत ती ब्रिटनबरोबर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, पूर्व आफ्रिका अशा अनेक ठिकाणच्या नाण्यांवर येत राहिली. अशा वेळी नाणं उलटा, देशाचं किंवा चलनाचं नाव मागच्या बाजूला मिळतं.

व्ही, ओ आणि सी ही तीन अक्षरं एकात एक गुंफलेली तांब्याची छोटी नाणी दिसली तर ती डच ईस्ट इंडिया कंपनीची ‘दुइत’ आहेत. त्यांवर बहुधा अठराव्या शतकातलं साल असतं आणि ते पाहून घरात खळबळ उडते. पण ही नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली होती, त्यामुळे अडीचशे वर्षांचं वय असूनही साध्या दुइताला किरकोळ किंमत येते. वय आणि किंमत यांचं नातं फार सैल असतं, हे या एका नाण्यावरून पक्कं ध्यानात ठेवावं.

ते आपल्या घरी आलं कसं?

हा प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. पणजोबा बोटीवर होते का, पलटणीत होते का, नैरोबीला किंवा झांझिबारला कुणी होतं का, मूळ गाव गोव्यात किंवा सीमेलगत होतं का. या उत्तरांनी शोध निम्म्यावर येतो.

गोव्याचं उदाहरण घ्या. सावंतवाडी, दोडामार्ग, कारवार या पट्ट्यातल्या घरांत पोर्तुगीज नाणी निघतात आणि ‘परदेशी’ म्हणून ती एकाच पुडीत बांधली जातात. त्यांत दोन वेगळ्या चलनपद्धती आहेत. १९५८ पर्यंत १ रुपिया म्हणजे १६ तांगा, म्हणजेच ९६० रैस. त्यानंतर १ एस्कुदो म्हणजे १०० सेंताव्हो, आणि एका रुपियाला ६ एस्कुदो असा बदल झाला. ‘इश्तादो दा इंडिया’ अशी अक्षरं आणि १९५८ किंवा १९५९ साल असलेली सेंताव्हो-एस्कुदोची नाणी कांस्य किंवा तांबं-निकेलची आहेत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, म्हणजे ही नाणी जेमतेम काही वर्षं चालली, तरीही ती सहज मिळतात. १८८१-८२ चा राजा लुईशचा रुपिया मात्र चांगल्या चांदीचा, ११.६६ ग्रॅमचा, ब्रिटिश रुपयाच्याच तोलाचा आहे. १९४७ च्या रुपियात चांदी निम्म्यावर आली आणि १९५२ च्या रुपियात चांदी उरलीच नाही. तिन्हींवर ‘एक रुपिया’च लिहिलेलं. म्हणून साल आणि वजन पाहिल्याशिवाय बोलू नये.

आफ्रिकेचा रस्ता दुसरा. केनिया-युगांडाच्या भागात १९२० पर्यंत रुपयाच चालायचा, नंतर शिलिंग आला. सिंह आणि मागे डोंगर असलेला पूर्व आफ्रिकेचा शिलिंग खूप घरांत सापडतो. १९२१ ते १९४६ या काळातल्या शिलिंगात फक्त पाव हिस्सा चांदी आहे, १९४८ पासून तीही नाही. मधोमध भोक आणि भोवती हत्तीचे सुळे असलेली सेंटची नाणी तिथलीच. गरुडाचं शिरस्त्राण घातलेला मिशाळ राजा आणि खाली ‘रुपी’ असं काहीसं दिसलं, तर तो कैसर दुसरा विल्हेल्म आहे आणि नाणं जर्मन पूर्व आफ्रिकेचं. ते जरा जपून ठेवा, त्याला मागणी असते.

झांझिबारच्या १२९९ हिजरीच्या तांब्याच्या पैशावर तराजू आहे. आपल्या मुंबई इलाख्यातल्या कंपनी सरकारच्या पाव आण्यावरही तराजूच आहे, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते. कंपनीच्या नाण्यावर दुसऱ्या बाजूला ढाल-सिंहांचं राजचिन्ह असतं. झांझिबारच्या नाण्यावर फक्त अरबी मजकूर. मस्कत-ओमानच्या पाव आण्यावर तर चक्क ‘आणा’ लिहिलेलं असतं. आखातात आणि हिंदी महासागराच्या काठाने आपल्या रुपया-आण्यांचा किती दूरवर वावर होता, हे या नाण्यांवरून कळतं. मॉरिशसची नाणीही रुपया आणि सेंटमध्येच आहेत, आणि तिथे मराठी वस्ती कित्येक पिढ्यांची आहे.

तिसरा रस्ता लढाईचा. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढली, तिच्यात मराठा पलटणी होत्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यानंतर एप्रिल १९१६ मध्ये ती तुर्कांच्या हाती पडली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या एखाद्या घरात तुघरा असलेलं नाणं निघालं आणि घरातलं कुणी त्या लढाईत असल्याचं माहीत असेल, तर त्या नाण्याची बाजारात किंमत काहीही येवो, ते विकू नये असं माझं मत आहे.

मुंबईत पाडलेली परदेशी नाणी

हा भाग मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो. फोर्टातल्या मुंबई टांकसाळीने परक्या मुलखांसाठीही नाणी पाडली आहेत आणि ती ओळखता येणं ही आनंदाची गोष्ट आहे.

ब्रिटिश ट्रेड डॉलर हे त्यांतलं सगळ्यात देखणं. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, दुसरीकडे वेलबुट्टीत चिनी आणि जावी लिपीत (मलय भाषेच्या अरबी वळणाच्या लिपीत) ‘एक डॉलर’. सालं १८९५ ते १९३५. हाँगकाँग, सिंगापूर, चीनच्या व्यापारासाठी ही नाणी होती आणि त्यांतली बहुसंख्य मुंबईत पाडली गेली. भिंगाने त्रिशूळाच्या मधल्या पात्यावर बघा. तिथे इंग्रजी ‘बी’ हे इवलंसं अक्षर असतं, तीच मुंबईची खूण. नाण्यावर छोटे चिनी शिक्के ठोकलेले असतील तर ते व्यापाऱ्यांनी चांदी पारखून मारलेले असतात. त्याने किंमत सहसा कमी होते, पण नाणं खोटं ठरत नाही.

सॉव्हरिन, जिला आपल्या घरांत सगळे गिनी म्हणतात, तीही इथे पाडली गेली, पण फक्त १९१८ सालाची. घोड्यावरच्या सेंट जॉर्जच्या बाजूला, घोड्याच्या खुरांखालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या बरोबर वर, इंग्रजी ‘आय’ शोधा. तिथे ‘एस’ असेल तर सिडनी, ‘एम’ मेलबर्न, ‘पी’ पर्थ, ‘एसए’ प्रिटोरिया. मुंबईच्या गिनीला सोन्याच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे येतात, म्हणून वितळवायला देण्याआधी तेवढं एकदा बघावं.

दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियासाठी १९४२ आणि १९४३ चे पेनी मुंबईत पाडले गेले, त्यांवरही ‘आय’ आहे. १९१६ ते १९१८ च्या ऑस्ट्रेलियन पेनीवरचं ‘आय’ मात्र कोलकात्याचं. आणि मारिया थेरेसाचा थेलर! ऑस्ट्रियाच्या या राणीचं १७८० मध्ये निधन झालं, पण अरबस्तान, येमेन, इथिओपियातल्या व्यापाऱ्यांना तेच नाणं हवं असे, म्हणून १७८० हेच साल ठेवून ते पुढे दीडशे-दोनशे वर्षं अनेक देशांत पाडलं गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मुंबईतही पाडलं गेलं. त्यामुळे थेलरवर १७८० दिसलं म्हणून ते अठराव्या शतकातलं असं समजू नका. आपल्याकडे निघणारे बहुतेक थेलर नंतरचे असतात आणि त्यांची किंमत चांदीच्या आसपास राहते. कोणता थेलर कुठल्या टांकसाळीचा, हे राणीच्या ब्रोचमधले मोती आणि मागच्या बाजूच्या गरुडाची पिसं पाहून ठरवावं लागतं. ते काम अनुभवी माणसावर सोपवा.

खरं की नकली

आधी वजन. ट्रेड डॉलर २६.९६ ग्रॅम आणि ३९ मिलिमीटर, थेलर २८.०७ ग्रॅम आणि सुमारे ४० मिलिमीटर, गिनी ७.९९ ग्रॅम आणि २२ मिलिमीटर. झिजेमुळे वजन थोडं कमी भरू शकतं, पण तीन-चार ग्रॅम कमी भरलेला डॉलर नकली समजा. वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं तरी संशय घ्या. मग कड: नकली नाण्याच्या कडेला पुष्कळदा सांधा किंवा कानशीने घासल्याच्या खुणा दिसतात. थेलरच्या कडेवर उठावाची लॅटिन अक्षरं आणि नक्षी हवी. कड साधी दातेरी असेल तर प्रश्न मिटला.

त्यानंतर घनता. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला प्लास्टिकचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला लागणार नाही असं पाण्यात लटकवा. आता काटा जो आकडा दाखवेल तो लिहून घ्या. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता मिळते. समजा वजन २६.९ आणि पाण्यातला आकडा २.६. भागाकार १०.३ च्या वर आला, म्हणजे चांगली चांदी. तोच आकडा ३.१ आला असता तर भागाकार ८.७, म्हणजे तांब्याचा किंवा पितळेचा मिश्रधातू. २२ कॅरट सोन्याची घनता १७.५ च्या आसपास असते, म्हणून गिनी बुडवल्यावर ०.४५ ते ०.४७ दिसायला हवं. हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नका, आणि तीनदा मोजा.

घनता बरोबर आली म्हणजे नाणं अस्सल, असं मात्र नाही. गेल्या शतकात बैरूतमध्ये खऱ्या सोन्याच्या नकली गिन्या मोठ्या प्रमाणावर बनल्या. त्यांत सोन्याचे पैसे येतात, नाण्याचे येत नाहीत.

पुतळ्यांची माळ घरात असेल तर तिच्याकडेही जरा निरखून बघा. पुतळ्यांचा मूळ नमुना व्हेनिसचा सोन्याचा डुकाट आहे. एका बाजूला लंबगोलात ताऱ्यांच्या मध्ये उभा ख्रिस्त, दुसरीकडे संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख. समुद्री व्यापारातून ही नाणी आपल्याकडे एवढी आली की सोनारांनी त्यांच्या प्रतिकृती बनवायला सुरुवात केली आणि त्या आकृतींना आपल्या देवदेवतांचं रूप आलं. खरा डुकाट साडेतीन ग्रॅमचा असतो आणि त्यावरची लॅटिन अक्षरं वाचता येतात. प्रतिकृतीत अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा-टिंबांची रांग असते. व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपलं, तेव्हा खरा डुकाट त्याआधीचाच. माळेतल्या एखाद्या पुतळीवर अक्षरं नीट लागत असतील तर माळ मोडायच्या आधी जाणकाराला दाखवा. कडी जोडल्यामुळे संग्राहकाकडून येणारी किंमत घटते, तरी ते नाणं तेच राहतं.

आता किंमत

पहिला आकडा धातूचा. वजन गुणिले शुद्धता गुणिले आजचा भाव. हिशेबापुरता चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. ट्रेड डॉलर ९०० शुद्धतेचा, म्हणजे २६.९६ × ०.९ = २४.२६ ग्रॅम चांदी, २४२६ रुपये. थेलरमध्ये २३.३९ ग्रॅम, २३३९ रुपये. पूर्व आफ्रिकेचा पाव चांदीचा शिलिंग ७.८ ग्रॅमचा, त्यात दोन ग्रॅमलाही चांदी कमीच, म्हणून १९५ रुपये. गिनीत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं. ब्रिटनची चांदीची नाणी १९२० च्या आधी ९२५ शुद्धतेची, १९२० ते १९४६ निम्म्या चांदीची, १९४७ पासून बिनचांदीची. अमेरिकेचे डाइम, क्वार्टर, हाफ डॉलर १९६४ पर्यंत ९०० शुद्धतेचे. सौदा कुणाशीही असो, या आकड्याखाली जायचं नाही.

दुसरा आकडा संग्राहकांचा. त्यासाठी ‘नुमिस्ता’ या मोफत संकेतस्थळावर जा. देश, साल, मूल्य, वजन टाकून किंवा फोटोवरून तिथे नाणं सापडतं, आणि त्याच्या पानावर ‘केएम’ हा, म्हणजे क्राउझ-मिशलर या नाणेसूचीतला क्रमांक असतो. तो वहीत लिहून ठेवा. जगभरचे विक्रेते त्याच क्रमांकाने बोलतात. मग लिलावांत आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या नाण्यांचे आकडे पाहा. मागितलेली किंमत काहीही असू शकते. कुणीतरी साध्या शिलिंगासाठी पाच लाख मागितले, म्हणून तुमचा शिलिंग पाच लाखांचा होत नाही.

अवस्थेचा फरक मोठा पडतो. राजाच्या मुखवट्यावरचे केस, मुकुटावरचे मणी, सिंहाची आयाळ हे सगळ्यात उंच भाग आधी झिजतात, म्हणून तेच बघा. तपशील जेमतेम उरले असतील तर ‘फाइन’, बरेच असतील तर ‘व्हेरी फाइन’, टांकसाळीतली झळाळी तशीच असेल तर ‘अनसर्क्युलेटेड’. नवखा माणूस आपल्या नाण्याला नेहमी एक पायरी वर चढवतो. हिशेब करताना एक पायरी खालीच धरा. भोक, कडी, घासल्याच्या रेघा असतील तर बहुतेक वेळा धातूचीच किंमत उरते.

घरात निघालेल्या परदेशी नाण्यांतली बहुतेक साधी असतात. सहलीहून आलेली युरोपातली, युरो चलन येण्याआधीची नाणी, सिंगापूरचे सेंट, सिलोनचं चौकोनी पाच सेंट यांना शोधायला लागलेल्या वेळाइतकेही पैसे येत नाहीत. बँका आणि मनी चेंजर नाणी घेत नाहीत. जर्मनीची मध्यवर्ती बँक जुने डॉइश मार्क अजूनही मुदतीशिवाय बदलून देते, पण असा देश विरळा.

विकायचं ठरवलंत तर

मुंबई, पुणे, नाशिक इथे नाणेप्रदर्शनं भरतात, तिथे एकाच छताखाली अनेक विक्रेते भेटतात. निदान तिघांना दाखवा आणि ‘किती देता’ विचारण्याआधी ‘हे काय आहे’ विचारा. व्यापारी बाजारभावापेक्षा कमी देणारच, त्याला पुढे विकायचं असतं. ते गैर नाही. पण नाणं एका रात्रीसाठी ठेवून जा म्हणणाऱ्याकडे फोटो, वजन आणि सहीची पावती घेतल्याशिवाय काही सोडू नका. नुसतं शिकायचं असेल तर मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. अंजनेरीला मुलांना घेऊन जाच.

फोनवर ‘तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणी फी किंवा जीएसटी भरा’ म्हणणारा प्रत्येक जण फसवणूक करतोय. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जाऊ लागल्यावर बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर केलं की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती कुणाकडून असं शुल्क घेत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतात आणि अशा वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलाकडे पाठवण्याआधी किंवा बाहेरच्या लिलावात देण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. दुसरं, नाणी कपाटात न सापडता पाया खणताना जमिनीत सापडली असतील तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

ठेवायची असतील तर

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नका. त्यातल्या रसायनाने काही वर्षांत हिरवा चिकट थर येतो. साधी कागदी पाकिटं किंवा नाण्यांसाठी मिळणारे पुठ्ठ्याचे होल्डर वापरा, पाकिटात एकच नाणं ठेवा, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. कोकणात ती दर पावसाळ्याआधी बदला. नाणं हातात घ्याल तेव्हा कडेने धरा. पाकिटावर पेन्सिलीने देश, साल, केएम क्रमांक, वजन आणि नाणं कुणी, कुठून आणलं ते लिहा. नाणं आत घालण्याआधीच लिहा, नाहीतर पेन्सिलीचा दाब त्यावर पडतो.